कॉफीचा चोथा : कुंडीला फायदा, धंद्यात मात्र हिशेब

कापडाचा व्यापारी चिंधीसुद्धा फेकत नाही. ठाणाचा उरलेला तुकडा गोधडीसाठी जातो, कातरण गादीवाला नेतो. याच नजरेने आम्ही काही वर्षांपासून एका वेगळ्या मालाकडे पाहत आहोत. तो माल म्हणजे कॉफी गाळून उरलेला चोथा.

रसायनी-मोहोपाडा हा तसा चहाचा मुलूख. घरात कॉफी झालीच तर ती बाटलीतली. ती पाण्यात विरघळते, मागे काही उरत नाही. पण कारखान्यांमुळे येथे निरनिराळ्या प्रांतांतील लोक राहावयास आले. आमच्या शेजारच्या दाक्षिणात्य कुटुंबात रोज फिल्टरची कॉफी होते. तो चोथा आम्ही मागून घेऊ लागलो. बाबा बुडन या सूफी बुजुर्गांनी सतराव्या शतकात यमनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगितले जाते. एवढ्या लांबून आलेली वस्तू मोरीत का जावी?

आमची चूक

सुरुवातीला आम्ही गॅलरीतील कुंड्यांवर चोथ्याचा जाड थर दिला. कोथिंबीर उगवलीच नाही, मिरचीची रोपे खुरटली. वर पापडी धरली आणि पाणी मातीत न मुरता बाजूने वाहून गेले. पुढे कारण समजले. उरलेल्या चोथ्यातही थोडे कॅफीन असते आणि ते कोवळ्या रोपांची वाढ रोखते. शिवाय बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसतात. चहाच्या चोथ्याने दुसराच धडा दिला. दूध-साखरेचा चोथा न धुता टाकला, तर मुंग्या थेट कापडाच्या गठ्ठ्यांपर्यंत पोहोचल्या.

योग्य रीत

चहाचा चोथा दोन-तीन पाण्यांनी धुवावा. दोन्ही चोथे उन्हात वाळवावेत. भोके पाडलेल्या जुन्या डब्यात सुका पाला, भाजीची साले, थोडे शेण व माती यांच्याबरोबर ते मिसळावेत. चोथा एकूण मालाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावा. आठवड्यातून एकदा हलवावे. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीचा वास येणारे खत तयार होते. मोठ्या कुंडीला दोन मुठी पुरतात. आपल्याकडे पावसाळ्यात डबा झाकलाच पाहिजे, नाहीतर सगळा माल कुजून घाण सुटते. मोगरा, पुदिना, मेंदी, कढीपत्ता यांना हे खत आम्हाला चांगले मानवले.

धंद्याचा हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. नोकरीचा भरवसा नसल्याने आमच्या एका भाच्याने बेत केला होता की हॉटेलांतून चोथा वजनावर विकत घ्यायचा आणि पुड्या बांधून खत म्हणून विकायचा. त्यासाठी तो कर्ज काढणार होता. आम्ही त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले.

कोरड्या चोथ्यात नत्र साधारण दोन टक्के, म्हणजे किलोला २० ग्रॅम. यूरियात ते ४६ टक्के. म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम यूरिया जेवढे नत्र देतो, तेवढ्यासाठी एक किलो कोरडा चोथा लागतो. त्यात ताज्या चोथ्याचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे. तो वजनावर घेणे म्हणजे भरपूर कांजी दिलेले कापड किलोवर घेण्यासारखे आहे. शिवाय खत म्हणून माल विकायचा तर खत नियंत्रण आदेश १९८५ लागू होतो. सेंद्रिय खतांची मानके त्यात २००६ मध्ये आली. ती न पाहता पुडीवर ‘खत’ छापणे म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आणि स्वतःची अडचण.

मग चोथ्याचा उपयोग काय? तो माती भुसभुशीत करतो, ओल धरून ठेवतो, गांडुळांना खाद्य देतो आणि नत्र हळूहळू सोडतो. फुकट मिळत असेल तर हा सौदा उत्तम आहे.

भाच्याने कर्ज काढले नाही. एका हॉटेलवाल्याकडून तो फुकट चोथा आणतो, स्वतःच्या कुंड्यांसाठी खत करतो आणि मोगऱ्याची व मिरचीची रोपे विकतो. कमाई मोठी नाही, पण कुणाचे देणेही नाही.

व्यापारी बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे की टाकाऊ माल जरूर वापरा, पण त्यात पैसा घालण्याआधी त्याला एकदा काट्यावर ठेवा.