मनोऱ्यातली झोप

23 मार्च 2011 ची मध्यरात्र. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरू पाहणाऱ्या विमानाचे वैमानिक नियंत्रण मनोऱ्याला हाका मारत होते, उत्तर नाही. वर एकटाच नियंत्रक, सलग चौथी रात्रपाळी, आणि त्याचा डोळा लागलेला. दोन प्रवासी विमानं मनोऱ्याच्या परवानगीविनाच उतरली. सुखरूप उतरली, हे नशीब.

माणसाला दोष देऊन मोकळं होणं सोपं. पाळ्यांचा तक्ता बघावा. अमेरिकेत दोन दुपारपाळ्या, दोन सकाळपाळ्या आणि शेवटी एक रात्रपाळी असा पाच दिवसांचा फेरा फार चालतो. आठवड्याअखेरीस लांब सुट्टी मिळते, म्हणून तो अनेक नियंत्रकांना आवडतोही! पण प्रत्येक पाळी आधीच्यापेक्षा लवकर सुरू होते. सकाळपाळीसाठी पहाटेच उठायचं आणि त्याच रात्री पुन्हा कामावर. दुपारी अंथरुणावर पडलं तरी शरीराचं घड्याळ झोपू देत नाही, आणि पहाटे तीन ते पाच ते जागू देत नाही. शिवाय तेव्हा वाहतूक तुरळक, म्हणजे जागं ठेवायला कामही नाही.

अपुरी झोप याआधीही दिसली होती. अमेरिकेतल्याच लेक्झिंग्टनच्या 2006 मधल्या विमान दुर्घटनेत 49 जण गेले. मुख्य चूक वैमानिकांची होती, पण ड्यूटीवरचा नियंत्रक पाळीआधी जेमतेम दोन तास झोपला होता.

रेगन विमानतळावरच्या घटनेनंतर दोन पाळ्यांमधली किमान विश्रांती आठ तासांवरून नऊ तासांवर गेली. रात्रपाळीत ठरवून डुलकी घेऊ द्यावी, असं तज्ज्ञ सांगत होते. वाहतूकमंत्र्यांनी साफ नकार दिला. 2024 मध्ये दहा तासांच्या, रात्रपाळीआधी बारा तासांच्या विश्रांतीचा नियम जाहीर झाला.