जुन्या मोटारसायकलीची वाढीव शक्ती

चंदीगडच्या रुंद, सरळ रस्त्यांवर जुनी बुलेट ३५० आजही डौलाने धावते. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० व दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. धाव तीच ठेवून व्यास ८४ केल्यास घनफळ ४९९ होते. कारण ते व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शक्तीबरोबर वेगही वाढतो. परंतु वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना ती मुख्यतः ब्रेकनाच शोषावी लागते. म्हणून केवळ एंजिन बदलणे धोक्याचे होय. ब्रेक, चाके व चाक रस्त्याला धरून ठेवणारे धक्काशोषकही त्या तोलाचे हवेत. नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाहून भिन्न ठरेल असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ अन्वये मालकास करता येत नाही. वरील गणित पाहता हे बंधन रास्तच वाटते.