लॉकरमध्ये पाणी शिरलं तर?

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट आम्ही नागपूरकर बायका विसरणार नाही. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. पुरणाची, आंबिलीची भांडी अजून घासायची होती. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली अन् हजारो घरांत पाणी घुसलं. माणसंही दगावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही काही जणी जेवणाचे डबे घेऊन तिकडे गेलो. एक काकू भिजलेली पासबुकं, एफडीच्या पावत्या दोरीवर वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "ताई, महालक्ष्म्यांच्या अंगावरचे दागिने माळ्यावर टाकले म्हणून वाचले. पण बाकी सगळं बँकेच्या लॉकरमध्ये, अन् लॉकर तळघरात!" शनिवार चौथा, मग रविवार. बँक बंद. सोमवारी कळलं, पाणी पायरीपर्यंत येऊन थांबलं होतं. तोवर काकूंच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती घेतली. २०२२पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. पण पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँक भरपाई देणं लागत नाही. जागेची योग्य काळजी घेणं मात्र तिच्यावर बंधनकारक आहे. सोनं पाण्यानं खराब होत नाही हो, पण घराचे कागद, मृत्युपत्र यांचा लगदा होतो.

हवामान बदलाची झळ बँकेला दुसऱ्या वाटेनंही लागते. २२ जुलै २०२१ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा वेळी दुकानातला माल गेला, शेतातलं सोयाबीन सडलं, तर कर्जाचा हप्ता कुठून येणार? हप्ते थकले की बँक अडचणीत, अन् बँकेत ठेवी कोणाच्या? तुमच्या-माझ्या, आपल्या बचत गटाच्या. म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं जुलै २०२२मध्ये हवामानाच्या जोखमीवर चर्चापत्र काढून बँकांना सावध केलं.

मग आपण काय करायचं? लॉकर घेताना खोली कोणत्या मजल्यावर आहे, पाणी शिरू नये म्हणून काय सोय केली आहे, हे बेधडक विचारा. कागद प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत ठेवा, झेरॉक्स दुसऱ्या ठिकाणी. दागिन्यांचे फोटो काढा, बिलं जपा, वेगळा विमा मिळतो का पाहा. वारसाचं नाव लावलंय ना, तेही तपासा. गटाच्या वहीचे फोटो दोघी-तिघींच्या मोबाइलमध्ये असू द्या.

पावसाळ्याआधी आपण घराचं छत शाकारतो ना? तशीच एक फेरी बँकेतही मारून या, मैत्रिणींनो!