न्यूनतम वर्ग पद्धती आणि समाश्रयणाच्या दोन रेषा

सांख्यिकीच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात न्यूनतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा बसविण्याचा पाठ येतो, तेव्हा विद्यार्थ्यास तिचे सूत्र आत्मसात करण्यास फारसा वेळ लागत नाही. आकडे दिले असता तो रेषेचा उतार काढतो, अंतःखंड काढतो व समीकरण मांडून मोकळा होतो. परंतु त्याच विद्यार्थ्यास ‘क्ष वरून य चा अंदाज करणारी रेषा तुम्हांस मिळाली, आता य ठाऊक असता क्ष चा अंदाज कसा कराल?’ असे विचारले, तर बहुधा ‘तेच समीकरण उलटवून’ असे उत्तर मिळते. बीजगणिताच्या दृष्टीने या उत्तरात वावगे काही नाही. सांख्यिकीच्या दृष्टीने मात्र ते सर्वस्वी चुकीचे आहे. ते चुकीचे का, हे ज्यास उमगले त्यास समाश्रयणाचे मर्म उमगले असे म्हणावयास हरकत नाही. प्रस्तुत लेखात या एकाच मुद्द्याचे विवेचन करण्याचा हेतू आहे.

१. पद्धतीचा उगम

न्यूनतम वर्ग पद्धती ही मूळची खगोलशास्त्र व भूमापन या शास्त्रांची देणगी होय. एकाच राशीची अनेक निरीक्षणे घेतली असता ती परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत. अशा विसंगत निरीक्षणांचा मेळ कोणत्या तत्त्वाने घालावा, हा अठराव्या शतकातील शास्त्रज्ञांपुढील प्रश्न होता. पृथ्वीच्या आकारासंबंधीच्या मोजमापांचा विचार करताना १७५७ साली बॉस्कोविच याने असे सुचविले होते की, विचलनांची बेरीज शून्य असावी आणि त्यांची चिन्हे सोडून केलेली बेरीज किमान असावी. विचलनांच्या वर्गांची बेरीज किमान करावी, हे तत्त्व लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरील आपल्या ग्रंथाच्या परिशिष्टात प्रथम प्रसिद्ध केले. पुढे १८०९ साली गाउसने आपण ही पद्धती १७९५ पासून वापरीत असल्याचे सांगितले व तिचा संभाव्यतेच्या सिद्धांताशी संबंध जोडून दाखविला. या श्रेयाबद्दल झालेला वाद सर्वश्रुत आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. खगोलशास्त्रज्ञांच्या दृष्टीने ग्रहाचे खरे स्थान एकच असते आणि विचलन म्हणजे निरीक्षणातील त्रुटी. माणसांच्या उंचीची, पिकाच्या उत्पन्नाची किंवा परीक्षेतील गुणांची गोष्ट निराळी आहे. समान उंचीच्या पित्यांचे पुत्र भिन्न उंचीचे असतात, यात कोणाची मोजण्यातील त्रुटी नाही. ती निसर्गातील विविधता होय. एकच गणिती पद्धती या दोन्ही क्षेत्रांत वापरली जाते, आणि बहुतेक घोटाळ्यांचा उगम येथेच आहे.

२. वर्गच का?

पाच विद्यार्थ्यांना दोन चाचण्यांत दहापैकी मिळालेले गुण पुढीलप्रमाणे आहेत असे समजू. पहिल्या चाचणीतील गुण (क्ष) अनुक्रमे २, ४, ५, ६, ८. दुसऱ्या चाचणीतील गुण (य) अनुक्रमे ५, ६, ४, ७, ८. क्ष चे माध्य ५ आणि य चे माध्य ६ आहे. माध्यापासूनच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज क्ष साठी २० व य साठी १० येते. दोहोंच्या विचलनांच्या गुणाकारांची बेरीज १० येते. रेषेचा उतार म्हणजे या गुणाकारांच्या बेरजेस क्ष च्या वर्गांच्या बेरजेने भागून येणारी संख्या, म्हणजेच १० ÷ २० = ०.५. रेषा दोन्ही माध्यांच्या बिंदूतून जात असल्याने तिचे समीकरण य = ६ + ०.५ (क्ष − ५), म्हणजेच य = ३.५ + ०.५ क्ष असे होते.

या रेषेवरून पाच विद्यार्थ्यांचे अंदाजित गुण ४.५, ५.५, ६, ६.५ आणि ७.५ येतात. प्रत्यक्ष गुणांतून ते वजा केले असता ०.५, ०.५, −२, ०.५, ०.५ हे अवशेष उरतात. त्यांची बेरीज शून्य आहे, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ५ आहे. दुसरी कोणतीही सरळ रेषा घेतली तरी वर्गांची बेरीज याहून अधिकच येईल.

आता या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहावे. तिसरा विद्यार्थी वगळला तर उरलेले चारही बिंदू य = ४ + ०.५ क्ष या रेषेवर तंतोतंत बसतात. बॉस्कोविचच्या दुसऱ्या अटीप्रमाणे, म्हणजे केवळ चिन्हे सोडून केलेली बेरीज किमान करावयाची असेल, तर हीच रेषा निवडावी लागेल. कारण तिच्यापासून एकच विचलन उरते व ते २.५ इतके आहे. न्यूनतम वर्गांच्या रेषेपासून अशा विचलनांची बेरीज ४ येते. उलट वर्गांचा हिशेब केला, तर नव्या रेषेची बेरीज ६.२५ भरते आणि ती ५ पेक्षा अधिक आहे. एका विद्यार्थ्याच्या मोठ्या विचलनाने संपूर्ण रेषा अर्ध्या गुणाने खाली ओढली, असा याचा अर्थ. वर्ग करण्याने मोठ्या विचलनास मोठे वजन प्राप्त होते. हा या पद्धतीचा स्वभाव होय. तो गुण की दोष हे प्रसंगावर अवलंबून आहे.

मग वर्गच का घ्यावयाचे? गणिताची सोय हे एक कारण आहेच. वर्गांची बेरीज किमान करण्याची अट साध्या एकघाती समीकरणांत उतरते आणि क्ष च्या सर्व किमती समान नसतील तर त्यांना एकच उत्तर असते. १८२३ साली गाउसने असेही दाखविले की, त्रुटींची सरासरी शून्य, त्यांचे प्रचरण समान व त्या परस्परांशी असंबद्ध असतील, तर निरीक्षणांच्या एकघाती व अनभिनत अशा सर्व आकलांत न्यूनतम वर्गांचे आकल सर्वांत कमी प्रचरणाचे असतात. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. काही संख्या दिल्या असता ज्या एका संख्येपासून त्यांच्या विचलनांच्या वर्गांची बेरीज किमान होते, ती संख्या म्हणजे त्यांचे माध्य होय. म्हणून क्ष ची एक किंमत ठरवून त्या किमतीच्या सर्व व्यक्ती एकत्र केल्या, तर त्यांच्या य चा न्यूनतम वर्गांच्या अर्थाने सर्वोत्तम अंदाज म्हणजे त्या गटाचे माध्य. अशी निरनिराळ्या गटांची माध्ये एका सरळ रेषेवर पडत असतील, तर समाश्रयणाची रेषा म्हणजे तीच रेषा. समाश्रयणाची रेषा ही माध्यांची रेषा होय, हे विद्यार्थ्याच्या मनावर सूत्रापूर्वी ठसले पाहिजे.

३. दोन रेषा

हे एकदा मान्य केले की पुढचे आपोआप येते. क्ष च्या किमतीनुसार गट पाडून य ची माध्ये काढणे ही एक क्रिया. य च्या किमतीनुसार गट पाडून क्ष ची माध्ये काढणे ही दुसरी. गट निराळे, गटांतील व्यक्ती निराळ्या, म्हणून रेषाही निराळ्या. आलेखाच्या भाषेत बोलावयाचे तर पहिल्या रेषेसाठी उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान केली जाते व दुसरीसाठी आडव्या अंतरांच्या वर्गांची.

वरील उदाहरणात य वरून क्ष काढण्याच्या रेषेचा उतार १० ÷ १० = १ येतो आणि समीकरण क्ष = ५ + (य − ६) असे होते. दुसऱ्या चाचणीत ८ गुण असलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या चाचणीत किती गुण असावेत? या रेषेचे उत्तर ७. पहिले समीकरण उलटविणारा विद्यार्थी मात्र ९ असे उत्तर देईल. दोन्ही उतारांचा गुणाकार ०.५ × १ = ०.५, हा सहसंबंध गुणांकाचा वर्ग होय. तो १ असेल तेव्हाच, म्हणजे सर्व बिंदू एका रेषेवर असतील तेव्हाच, दोन्ही रेषा एकरूप होतात आणि तेव्हाच समीकरण उलटविणे क्षम्य ठरते.

पाठ्यपुस्तकी आकड्यांवर समाधान न मानता या शास्त्राच्या मूळ सामग्रीकडेच वळू. फ्रान्सिस गाल्टन याने १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचे कोष्टक दिले आहे. स्त्रियांच्या उंचीस १.०८ ने गुणून त्याने ती पुरुषांच्या उंचीशी समकक्ष केली, आणि पिता व माता यांच्या उंचींची सरासरी ती ‘मध्य-पालक’ उंची मानली. सर्वसाधारण माध्य सुमारे ६८.२५ इंच होते. मध्य-पालक उंची या माध्यापासून जितकी दूर, त्याच्या सरासरी दोनतृतीयांश इतकीच अपत्यांची उंची दूर असते, असे त्यास आढळले. उदाहरणार्थ, मध्य-पालक उंची ७१.२५ इंच, म्हणजे माध्याहून ३ इंच अधिक असेल, तर अपत्यांची सरासरी ७०.२५ इंच येईल.

आता उलट प्रश्न: ज्यांची उंची ७१.२५ इंच आहे अशा अपत्यांच्या पालकांची मध्य-पालक उंची सरासरीने किती? समीकरण उलटविणारा ७२.७५ इंच म्हणेल. अपत्यांहूनही पालक अधिक उंच! गाल्टनच्या कोष्टकाचे उत्तर याच्या अगदी विरुद्ध आहे. या दिशेने उतार एकतृतीयांश येतो, म्हणजे पालकांची सरासरी अवघी ६९.२५ इंच. उंच पालकांची अपत्ये सरासरीने त्यांच्याहून ठेंगणी, आणि उंच अपत्यांचे पालकही सरासरीने त्यांच्याहून ठेंगणेच. ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य आहेत आणि त्यांत विसंगती मुळीच नाही.

दोनतृतीयांश व एकतृतीयांश हे दोन अंक निराळे का, याचेही उत्तर सोपे आहे. मध्य-पालक उंची ही दोन व्यक्तींची सरासरी असल्याने, पती व पत्नी यांच्या उंचींत सहसंबंध नाही असे धरल्यास, तिचे प्रचरण एकट्या व्यक्तीच्या उंचीच्या प्रचरणाच्या निम्मे असते. दोन्ही उतारांत अंशस्थानी एकच सहप्रचरण आणि छेदस्थानी मात्र आपापले प्रचरण. म्हणून एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट. उतारांचा गुणाकार २/९, म्हणजे सहसंबंध गुणांक सुमारे ०.४७. दोन्ही चल आपापल्या प्रमाण विचलनाच्या एककात मोजले असता दोन्ही उतार समान होऊन या गुणांकाइतकेच होतात.

कोष्टकातील समान वारंवारतेचे बिंदू जोडले असता लंबवर्तुळे मिळतात, हे गाल्टनने हेरले व त्यामागील गणित केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सन या गणितज्ञाकडून सोडवून घेतले. तथापि गाल्टनची समाश्रयण रेषा आणि खगोलशास्त्रज्ञांची न्यूनतम वर्ग पद्धती या दोहोंची स्पष्ट सांगड यूल याने १८९७ साली घातली. वितरण प्रसामान्य नसले तरीही न्यूनतम वर्गांच्या तत्त्वाने तीच सूत्रे मिळतात, हे त्याने दाखविले. लजांद्रपासून येथवर येण्यास नव्वद वर्षांहून अधिक काळ लागला, हे पाहता विद्यार्थ्यास एका तासात हा विषय न उमगल्यास नवल नाही.

४. गैरसमजाचे परिणाम

हा केवळ तात्त्विक काथ्याकूट आहे असे कोणी समजू नये. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील होरेस सेक्रिस्ट याने १९३३ साली व्यापारातील सामान्यतेच्या विजयाविषयी एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या कामगिरीनुसार व्यापारी संस्थांचे गट पाडून पुढील वर्षांत त्याने त्यांचा मागोवा घेतला, तेव्हा अग्रेसर गट माध्याकडे घसरताना व पिछाडीचे गट माध्याकडे चढताना दिसले. यावरून स्पर्धेमुळे सर्व व्यवसाय सामान्य पातळीस येतात, असा निष्कर्ष त्याने काढला. हॅरॉल्ड होटेलिंग याने परीक्षणात दाखवून दिले की, हा निव्वळ गट पाडण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. शेवटच्या वर्षानुसार गट पाडून मागे पाहिले, तर तेच गट जणू माध्याकडून दूर पसरत आल्यासारखे दिसतील. संस्था खरोखरच एकमेकींसारख्या होत आहेत की नाही, हे ठरविण्यास एकूण प्रचरण वर्षागणिक घटते काय, हे पाहावयास हवे होते.

अशीच फसगत शिक्षणसंस्थांतही संभवते. दोन चाचण्यांची माध्ये व प्रमाण विचलने समान आहेत आणि त्यांतील सहसंबंध ०.६ आहे असे समजू. पहिल्या चाचणीत माध्याच्या २० गुण खाली असलेले विद्यार्थी निवडून त्यांच्यासाठी खास वर्ग चालविले, तर दुसऱ्या चाचणीत ते सरासरीने माध्याच्या केवळ १२ गुण खाली येणे हे वर्ग न चालविताही अपेक्षितच आहे. ही आठ गुणांची प्रगती खास वर्गांच्या खात्यावर जमा केली, तर निष्फळ योजनाही यशस्वी ठरेल. त्याच न्यायाने पहिल्या चाचणीत अग्रभागी असलेल्या विद्यार्थ्यांची ‘घसरण’ पाहून त्यांना आळशी ठरविणे हा अन्याय होय. खरी कसोटी हवी असेल, तर दुर्बल विद्यार्थ्यांतून चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एकास खास शिक्षण द्यावे व दुसऱ्यास देऊ नये, आणि मग दोन्ही गटांची तुलना करावी.

५. अध्यापनाविषयी काही सूचना

या विवेचनावरून अध्यापनाचा क्रम कसा असावा, हे सूचित होते. प्रथम बिंदूंचा आलेख काढून घ्यावा. १९७३ साली अँस्कोम याने अकरा-अकरा निरीक्षणांचे चार संच रचले; चारही संचांत माध्ये, प्रचरणे, सहसंबंध व य = ३ + ०.५ क्ष ही रेषा जवळपास एकच आहे. परंतु आलेख काढताच एक संच सामान्य, दुसरा वक्र, तिसरा एका भरकटलेल्या बिंदूने बिघडलेला व चौथा एकाच दूरच्या बिंदूवर सर्वस्वी विसंबलेला असल्याचे दिसते. हल्ली संगणक क्षणार्धात रेषा काढून देतो, त्यामुळे आलेखाकडे पाहण्याची ही सवय अधिकच अगत्याची झाली आहे.

त्यानंतर गटांची माध्ये विद्यार्थ्यांकडून हाताने काढवून घ्यावी, उभ्या गटांचीही व आडव्या गटांचीही. दोन रेषा त्यांच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या की मगच सूत्र सांगावे. प्रत्येक समीकरणाखाली ‘ही रेषा कशावरून कशाचा अंदाज करते’ हे एक वाक्य लिहिण्याची सक्ती असावी. उतारास कारणाचे स्वरूप देण्यापूर्वी उलट दिशेचा उतारही काढून पाहावा. कारण समाश्रयण दोन्ही दिशांनी मांडता येते, कार्यकारणभाव तसा मांडता येत नाही. एवढे साधले तर न्यूनतम वर्गांचा हा पाठ केवळ गणनेचा अभ्यास न राहता, आकड्यांवरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, याचा विवेक शिकविणारा पाठ ठरेल.