वैशाखांतील लांब धांव

‘कॉम्रेड्स’ हा शब्द कानावर पडतांच आपल्यापैकीं कांहींना लाल बावटा आणि गिरणगांवांतील सभा आठवतील. परंतु आज ज्या कॉम्रेड्सविषयीं बोलावयाचें आहे, ते पहिल्या महायुद्धांत पडलेले शिपाई होत. त्यांचा एक सोबती व्हिक क्लॅफम यानें त्यांचें स्मारक दगडाचें न करतां धांवण्याचें करावयाचें ठरविलें, आणि २४ मे १९२१ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत पीटरमॅरिट्झबर्गपासून दर्बानपर्यंत पहिली कॉम्रेड्स शर्यत झाली. ३४ जण निघाले, १६ पोंचले. आज त्याच मार्गावर हजारों माणसें धांवतात. अंतर सुमारें ९० किलोमीटर, म्हणजे मॅरॅथॉनच्या दुपटीहून अधिक. आणि मुदत १२ तासांची. अशा अतिदीर्घ शर्यतीला अल्ट्रामॅरॅथॉन असें नांव आहे.

अलीकडे या शर्यतीसाठीं भारतांतून जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे, आणि त्यांत मुंबई-पनवेलकडील मंडळीही असतात. शर्यत बहुधा जून महिन्यांत येते. तेव्हां तिकडे हिवाळा असतो. पण तयारीचे जे कळसाचे आठवडे, ते पडतात एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखांत. चाळीस, पन्नास, क्वचित् साठ किलोमीटरांची धांव घ्यावयाची ती नेमकी कोंकणांतील सर्वांत वाईट हवेंत. घरांतील वडील माणसें म्हणतात, “या उन्हांत कसलें धांवतोस?” आणि तरुण म्हणतो, “उन्हांत तापल्याशिवाय शरीर तयार कसें होणार?” दोघांच्याही म्हणण्यांत सत्याचा एकेक तुकडा आहे.

प्रथम शरीराचा हिशेब पाहूं. माणूस धांवतो तेव्हां वजनाच्या प्रत्येक किलोमागें प्रत्येक किलोमीटरला सुमारें एक किलोकॅलरी इतकी शक्ति खर्च होते. साठ किलो वजनाचा माणूस तासाला आठ किलोमीटर या बेतानें धांवला, तर तासाला ४८० किलोकॅलरी झाल्या. यांतील फार तर चतुर्थांश भाग पाय उचलण्याच्या कामीं येतो. उरलेली सारी उष्णता. ती जर अंगांतच कोंडून राहिली, तर दर आठ-नऊ मिनिटांस अंगाची उष्णता एकेक अंशानें वाढेल आणि धांवणारा पहिल्या तासाच्या आंत कोसळेल. तसें होत नाहीं याचें श्रेय घामाला. एक लिटर घाम अंगावरून वाफ होऊन गेला, तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे हिशेबानें तासाला पाऊण लिटर घामदेखील पुरे व्हावा.

पण या वाक्यांतील महत्त्वाचे शब्द ‘वाफ होऊन’ हे आहेत. कोपरावरून टपटप गळून रस्त्यावर पडणारा घाम अंग गार करीत नाहीं. तो केवळ अंगांतील पाणी आणि मीठ घेऊन जातो. हवेंत आधींच बाष्प भरलेलें असलें, म्हणजे घामाला वाफ होण्यास जागाच राहत नाहीं. वाळत घातलेलीं धोतरें पुण्यास तासाभरांत वाळतात आणि तींच पनवेलीस संध्याकाळपर्यंत ओलसर राहतात, हें गृहिणींना सांगावयास नको. धांवणाऱ्याच्या अंगाचेंही तसेंच. म्हणून नागपूरकराच्या ४२ अंशांना पाहून पनवेलकरानें स्वतःच्या ३५ अंशांना क्षुल्लक समजूं नये. तेथील हवा कोरडी, येथील ओली. वैद्य व हवामानशास्त्रज्ञ ओल्या फडक्यानें गुंडाळलेल्या उष्णतामापकाचा आंकडा अधिक महत्त्वाचा मानतात, तो याच कारणानें.

ओल्या हवेचा हा घातकीपणा माणसाला नीट समजला तो मैदानावर नव्हे, तर खाणींत. आणि योगायोग असा, कीं त्याही दक्षिण आफ्रिकेंतल्याच. विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणी अतिशय खोल, आणि जसजसें खालीं जावें तसतसा खडक तापलेला. दगडाच्या धुळीनें मजुरांचीं फुप्फुसें निकामी होत, म्हणून धूळ बसविण्यासाठीं पाणी मारूं लागले. धूळ बसली, पण हवा ओली झाली, आणि १९२० नंतरच्या दशकांत मजूर उष्माघातानें मरूं लागले. पुढें तेथील वैद्यांच्या लक्षांत आलें, कीं नव्या मजुराला पहिल्या दिवसापासून पूर्ण काम न देतां सुमारें दोन आठवडे हळूहळू चढत्या प्रमाणांत दिलें, तर तेंच शरीर तीच उष्णता पुष्कळ बऱ्या रीतीनें सोसतें.

या दोन आठवड्यांत काय घडतें? रक्तांतील पातळ भाग वाढतो, त्यामुळें तेंच काम करतांना हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. घाम लवकर सुटूं लागतो आणि अधिक सुटतो. शिवाय घामांतील मीठ कमी होतें, म्हणजे शरीर काटकसर शिकतें. यासाठीं रोज तास-दीड तास उन्हांत बेताचें धांवणें पुरतें. दहा ते चौदा दिवसांत बहुतेक लाभ पदरांत पडतो. त्यानंतर पांच-पांच तास उन्हांत रखडून त्यांत फारशी भर पडत नाहीं. तरुणाच्या म्हणण्यांतील सत्य एवढेंच. अंगांत मुरलेली ही संवय उष्णता सुटली कीं तीन-चार आठवड्यांत ओसरते, आणि दिवसभर गार केलेल्या कचेरींत बसणाऱ्याला ती केवळ पनवेलचा रहिवासी म्हणून आपोआप लाभत नाहीं.

तेव्हां लांब धांव आणि उन्हाची संवय या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या, असें माझें स्पष्ट मत आहे. लांब धांवेचें काम पायांना, सांध्यांना, पोटाला आणि मनाला पांच-सहा तास चालू ठेवण्याचें. तें पहाटे तीनला निघून ऊन चढण्यापूर्वीं उरकावें. उन्हाची संवय मधल्या एखाद्या दिवशीं, थोडक्यांत आणि घराजवळ करावी. वडाळे तलावाभोंवतीं फेऱ्या घातल्या तरी चालेल. दोन्ही एकाच दिवशीं साधूं पाहणें हें शौर्य नसून अंकगणितांतील चूक आहे.

पहाटेविषयींही एक सांगावयास हवें. पहाट गार खरी, पण कोंकणांत हवेंतील दमटपणा त्याच वेळीं सर्वांत अधिक असतो. सूर्य वर येतो तसा दमटपणाचा आंकडा उतरतो आणि उष्णतेचा चढतो. सर्वांत कठीण वेळ मला नऊ ते अकराची वाटते. जमिनीवरचा वारा पडलेला, समुद्रावरचा अजून सुटलेला नाहीं, डांबर तापूं लागलेलें. पळस्पे फाट्यावरून दक्षिणेस शिरढोण या वासुदेव बळवंतांच्या गांवावरून कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत जाऊन परतावें, तर पनवेलपासून चोवीसएक किलोमीटर होतात. खिंडींत चढही मिळतो आणि थोडी सावलीही. जुन्या पुणें रस्त्यानें चौकावरून खोपोलीकडे गेल्यास अंतर मनाजोगतें वाढवितां येतें, परंतु परततांना ऊन डोक्यावर येतें. अशा वेळीं जातांना धांवावें आणि येतांना सरळ गाडी पकडावी. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

आतां पाण्याविषयीं. उन्हाळ्यांत भरपूर पाणी प्यावें, हा उपदेश आपल्या घरोघरीं आहे आणि बसल्या माणसाला तो ठीकच आहे. पण पांच-सहा तास धांवणारा केवळ साधें पाणी तहानेपेक्षां फार अधिक पीत राहिला, तर रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें, मेंदूला सूज येते आणि प्राणावर बेततें. १९८५ सालीं टिमोथी नोक्स या दक्षिण आफ्रिकी वैद्यानें सहकाऱ्यांसह अशा चार रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ते सारे दीर्घ धांवेसारख्या श्रमांतून आलेले होते. यावर सोपा उपाय घरांतला वजनकांटा. निघण्यापूर्वीं व आल्यावर अंग पुसून वजन करावें. एखादा किलो घटला तर काळजी नको. दोन किलोंहून पुष्कळ अधिक घटला, तर पुढच्या वेळीं थोडें अधिक प्यावें. वजन वाढलें असेल, तर मात्र तो धोक्याचा इशारा समजावा. तहानेप्रमाणें पिणें, आणि त्यांत मीठ-साखर-लिंबू किंवा मिठाचें कोकम सरबत असणें, एवढें पुरे. खिशांत ठेवलेल्या कांद्याच्या गुणाविषयीं मी मौन पाळतों. वजन म्हणून तो फार नाहीं.

उन्हाचा आघात हा केवळ धांवणाऱ्यांचा प्रश्न नव्हे. पनवेल तालुक्यांतील खारघर येथें १६ एप्रिल २०२३ रोजीं उघड्या मैदानावर झालेल्या मोठ्या समारंभानंतर १४ माणसें मरण पावलीं. तीं माणसें धांवत नव्हतीं. उन्हांत बसलीं होतीं. धांवणारा तर अंगांत स्वतःची भट्टी पेटवून त्याच उन्हांत जातो.

म्हणून बरोबरच्या सोबत्यांनीं आणि घरच्यांनीं चिन्हें ओळखावीं. उष्माघात झालेल्याची कातडी कोरडी पडते अशी समजूत आहे. परंतु धांवतांना झालेल्या उष्माघातांत अंग घामानें निथळत असूं शकतें. पाहावयाचें तें डोकें ठिकाणावर आहे कीं नाहीं. माणूस असंबद्ध बोलूं लागला, विनाकारण चिडला, झोकांड्या खाऊं लागला, घरचा रस्ता सांगतांना अडखळला, कीं तेथेंच धांव थांबवावी आणि दवाखान्याची गाडी बोलवावी. ती येईपर्यंत थांबूं नये. प्रथम गार करणें, मग हलविणें, हा क्रम आज वैद्यशास्त्रानें मान्य केला आहे. हौद, टब, बर्फाचें पाणी, जें असेल त्यांत मानेपर्यंत बसवावें, आणि डोकें वर धरून ठेवावें. तें नसेल तर सावलींत नेऊन अंगावर बादल्यांनीं पाणी ओतावें व सारखा वारा घालावा. पहिला अर्धा तास हाच सारें ठरवितो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. ताप येऊन गेला असेल, जुलाब झाले असतील, रात्रीं झोंप झाली नसेल, त्या दिवशीं लांब धांव रद्द करावी. अंगदुखीच्या गोळ्या घेऊन उन्हांत धांवणें मूत्रपिंडांना महाग पडतें.

कष्टाळू मराठी माणूस परक्या हवेंत टिकतो, हें काहीं नवें नाहीं. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिक मॅरॅथॉनमध्यें १९ वे आले, तेही पावसाळी गारव्यांत.

जून उजाडण्यापूर्वींच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करावें. तेव्हां आपल्याकडे उकाडा कळसाला पोंचलेला असतो, आणि तिकडे शर्यत सुरू होते ती हिवाळ्यांतील पहाटे अंधारांत. ज्या वर्षीं ती पीटरमॅरिट्झबर्गहून सुटते, त्या वर्षीं पनवेलच्या घामाला सरावलेल्या माणसाला सुरुवातीच्या रेषेवर थंडीनें कुडकुडावें लागतें. यासाठीं अनुभवी लोक एक जुना सदरा अंगांत घालून उभे राहतात आणि अंग तापलें, कीं तो वाटेंत काढून टाकतात. सामान बांधतांना तो विसरूं नये.