न वाचलेल्या संदेशांची साक्ष

मोबाइलवर संकेतस्थळाच्या नावाशेजारी कुलपाचे चिन्ह दिसत असताना आपण काय पाहतो हे तिऱ्हाइताला कळू शकते काय, असा प्रश्न वाचक वारंवार विचारतात. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, मजकूर कळत नाही, परंतु मजकुरावाचून पुष्कळ काही कळते. पान उघडण्यापूर्वी आपले यंत्र त्या स्थळाचा आयपी पत्ता विचारून घेते आणि ही विचारणा बहुधा उघड्यावरच होते; जोडणी करतेवेळी स्थळाचे नावही बहुतेक ठिकाणी उघडेच जाते; आणि कोणत्या जोडणीवरून, कोणत्या पत्त्याकडे, किती वाजता, किती वेळ संपर्क झाला, याचा तपशील इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या दप्तरी जमा होतो. हे दप्तर राखण्याची मुदत केंद्र शासनाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून एका वर्षावरून किमान दोन वर्षांवर नेली.

मजकुरावाचून किती कळते याचा एक दृष्टान्त पाहा: मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरातील किनाऱ्यावर एखादा इसम वर्षभर वही घेऊन बसला, आणि कोणती होडी कोणत्या भरतीला सुटली, कोणत्या दिशेस वळली, कोणाच्या होडीशेजारी थांबली व परतताना पाण्यात किती खोल बसली होती, एवढेच टिपत राहिला, तर कोणाचे जाळे कोठे लागते, कोणाचे इंजिन नादुरुस्त आहे, कोणाच्या घरी दुखणे आहे आणि कोणत्या दोन तांडेलांचे बोलणे बंद झाले आहे, हे त्याला मासळीची एकही पाटी न उघडता सांगता येईल.

मजकूर न वाचता माहिती काढण्याच्या या विद्येला शास्त्राची शिस्त लावणाऱ्यांत गॉर्डन वेल्चमन हा अग्रगण्य होता, आणि दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्रिटिश केंद्राची, ब्लेचली पार्कची, कथा सांगताना आपण ॲलन ट्युरिंगच्या नावापाशीच थांबतो याची मला नेहमी हळहळ वाटते. १९३९ च्या हिवाळ्यापूर्वी, केंब्रिजहून आलेल्या या गणितज्ञापुढे जर्मन सैन्याच्या बिनतारी संदेशांचा एक ढीग ठेवण्यात आला, ज्यातील अक्षरही तेव्हा तेथे कोणाला वाचता येत नव्हते. परंतु त्याने मजकुराचा नाद सोडून संदेशाच्या माथ्यावरील खुणा, वेळा, लांबी आणि कोणते केंद्र कोणाशी बोलते यांचीच मांडणी केली, आणि त्या न वाचलेल्या संदेशांतून शत्रुसैन्याची रचना त्याच्यापुढे उभी राहू लागली. ट्युरिंगच्या संकेत उलगडणाऱ्या यंत्राला ज्या ‘डायगोनल बोर्ड’ने खरी गती दिली, तोही वेल्चमनचाच. १९८२ साली त्याने हा इतिहास पुस्तकरूपाने मांडला, तेव्हा अमेरिकेत त्याची गोपनीय कामाची परवानगी काढून घेण्यात आली, आणि १९८५ मध्ये तो निवर्तला. संदेशाच्या बाह्य खुणा मजकुराइतक्याच बोलक्या असतात, हे राज्यकर्त्यांना केव्हाचे ठाऊक होते. नागरिकांना मात्र ते अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

मच्छीमार नगराचे नाव मी घेतले ते केवळ दृष्टान्तापुरते नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला करणारे दहा दहशतवादी रबरी होडीतून येथेच, बधवार पार्कच्या किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांना पहिल्याने हटकले ते तेथील कोळी रहिवाशांनी. दहशतवाद्यांच्या सूत्रधारांनी इंटरनेटवरून बोलण्यासाठी न्यू जर्सीतील एका कंपनीकडे खाते उघडले होते. हल्ला सुरू झाल्यावर आपल्या तपासयंत्रणेने ती संभाषणे ऐकली आणि पुढे न्यायालयात ती मोठा पुरावा ठरली. लक्ष्य निश्चित असताना ऐकणे किती उपयोगी पडते याचा हा दाखला निर्विवाद आहे. परंतु त्या कटाचा तांत्रिक सूत्रधार जरार शाह याच्या इंटरनेटवरील हालचालींवर ब्रिटिश आणि भारतीय गुप्तचरांची नजर हल्ल्यापूर्वीच होती, असे २०१४ साली अमेरिकी वृत्तमाध्यमांच्या संयुक्त शोधवृत्ताने उघड केले; माहिती जमली होती, ती जुळवली गेली नाही. ज्यांना ढीग वाढवला की सुरक्षितता वाढते असे मनापासून वाटते, त्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

न्यू जर्सीतील ते खाते उघडणाऱ्याने आपले नाव खडकसिंग असे सांगितले होते, आणि या योगायोगाने मी प्रत्येक वेळी थबकतो. कारण भारतात पाळतीविषयीचा मूलभूत खटला ज्याच्या नावाने ओळखला जातो, तोही खडकसिंगच: दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला उत्तर प्रदेशातील एक इसम, ज्याच्या घरावर पोलिसांचा गुप्त पहारा असे, आणि ज्याच्या जाण्यायेण्याची नोंद ठेवली जाई. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री-अपरात्री त्याच्या घरात शिरणे अवैध ठरवले, परंतु हालचालींची नोंद ठेवण्यास आडकाठी केली नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवून ती सबंध पाळतच घटनाबाह्य मानली. त्यांच्या मतातील तत्त्वाचा स्वीकार होण्यास २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

दरम्यान कायदा दुसऱ्या दिशेने निघाला होता. २००६ पासून संसदेपुढे असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे दुरुस्ती विधेयक हल्ल्यानंतर महिनाही लोटला नव्हता तोच, डिसेंबर २००८ मध्ये, मंजूर झाले. त्यातील कलम ६९-ब शासनाला सायबर सुरक्षेसाठी वाहतुकीची माहिती गोळा करण्याचा अखत्यार देते, आणि त्या माहितीच्या व्याख्येत संदेशाचा उगम, गंतव्य, मार्ग, वेळ, आकार व कालावधी ही पदे येतात. वेल्चमनच्या टेबलावरची यादी बहुतांशी हीच होती. तेव्हा ती रणभूमीवरील शत्रूसाठी होती.

पाळत मुळीच नसावी, असे २६ नोव्हेंबरची रात्र पाहिलेल्या मुंबईकराने म्हणू नये, आणि मीही म्हणत नाही. परंतु कलम ६९-ब खालील २००९ च्या नियमांनुसार असा हुकूम शासनाचा सचिव काढतो, आणि त्याची छाननी करणाऱ्या केंद्रीय समितीत मंत्रिमंडळ सचिव व आणखी दोन सचिव असतात. न्यायाधीश एकही नाही. तो तेथे असावा, अशी मागणी वाचकांनी आपल्या खासदाराकडे लेखी करावी.