समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. मग काही ठिकाणचे तग कसे धरतात?

मालवणला किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगसाठी येणारे पर्यटक पाण्याखालचे मासे आणि प्रवाळ पाहायला येतात. प्रवाळांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात, त्यामुळे मच्छीमारांचाही त्यांच्याशी संबंध आहे. पण समुद्राचे पाणी तापू लागल्याने जगभरातील प्रवाळ धोक्यात आले आहेत. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडत असल्याचे जाहीर केले. मात्र सगळीकडचे प्रवाळ सारखेच नाजूक नाहीत.

प्रवाळ पांढरे का पडतात?

प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो जिवंत प्राणी आहे. त्याच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहते. हे शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि प्रवाळाला पोसते. रंगही बराचसा त्याच्यामुळेच येतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तो लगेच मरत नाही. पाणी लवकर थंड झाले तर सावरतो, नाहीतर उपाशी मरतो.

किती तापमान म्हणजे जास्त?

याचा एकच आकडा नाही. त्या जागेच्या नेहमीच्या सर्वांत गरम महिन्यापेक्षा पाणी साधारण १ अंशाने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की धोका सुरू होतो. चंद्रपूरचा माणूस जो उन्हाळा सोसतो, तो महाबळेश्वरच्या माणसाला सोसणार नाही, तसेच हे आहे.

आखाती देशांजवळच्या समुद्रात उन्हाळ्यात पाणी ३४-३५ अंशांपर्यंत जाते, तरी तिथे प्रवाळ आहेत. इतक्या गरम पाण्यात इतर बहुतेक ठिकाणचे प्रवाळ टिकणार नाहीत.

ही ताकद येते कुठून?

काही ताकद आई-बापाकडून येते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर उत्तरेकडे पाणी जास्त गरम असते. तिथल्या प्रवाळांची पिल्ले दक्षिणेकडच्या पिल्लांपेक्षा गरम पाण्यात जास्त टिकली, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

काही ताकद सवयीने येते. प्रशांत महासागरात अमेरिकन सामोआचे ओफू बेट आहे. तिथे ओहोटीला काही उथळ डबक्यांतले पाणी खूप तापते. शास्त्रज्ञांनी कमी तापणाऱ्या डबक्यातले प्रवाळ जास्त तापणाऱ्या डबक्यात लावले. दोन वर्षांच्या आत त्यांची सहनशक्ती वाढली, पण तिथल्या मूळच्या प्रवाळांइतकी नाही.

मग काळजी मिटली का?

नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात अबुधाबीजवळच्या त्याच काटक प्रवाळांचे मोठे नुकसान झाले. सवयीलाही मर्यादा असते.

आपल्या हातात काय?

समुद्राचे तापमान एका गावाला कमी करता येणार नाही. पण आधीच उष्णतेने थकलेल्या प्रवाळावर बोटीचा नांगर पडला, पर्यटकांचे पाय पडले किंवा जाळे अडकले, तर त्याची सावरण्याची संधी जाते. मालवणचा समुद्री भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवाळ तोडणे आणि विकणे गुन्हा आहे. त्यामुळे नांगर मोकळ्या वाळूवर टाकावा, पर्यटकांना प्रवाळावर उभे राहू देऊ नये आणि आठवण म्हणून तुकडा तर अजिबात घरी आणू नये.